जुनी स्पोर्ट्स कार आणि बर्फाचा रस्ता : गाडी मागून का फिरते?

जळगावात बसून बर्फावर गाडी कशी घसरते हे सांगायचं म्हणजे जरा हसण्यासारखंच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, बर्फ दिसतो तो रसवंतीवर नाहीतर गोळेवाल्याकडे, आणि फार तर सातपुड्यात तोरणमाळ किंवा डाब-वालंबा भागात एखाद्या पहाटे दव गोठलं की त्याचे फोटो दिवसभर सगळ्या ग्रुपवर फिरतात. पण आता भुसावळ घ्या, धुळं घ्या, शिरपूर-शहादा घ्या, गल्लीतलं एखादं तरी पोरगं जर्मनीत नाहीतर कॅनडात असतंच. आणि तिकडे गेल्यावर यांना कळतं की लहानपणी ज्या गाडीचं पोस्टर भिंतीवर होतं तसली वीस-तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार आपल्या पगारात बसते. मग काय, घ्यायचीच. माझ्या भाच्याचा मेसेज आला, "मामा, माझदाची एमएक्स-५ मिळून राहिली, १९९४ ची, एकदम टकाटक, रियर व्हील ड्राइव्ह आहे, हिवाळ्यात चालवली तर चालेल ना?"

रियर व्हील ड्राइव्ह म्हणजे इंजिन मागच्या चाकांना फिरवतं ती गाडी. चालेल की नाही हे एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून त्याला जे लांबलचक सांगितलं तेच इथे लिहून काढतोय.

पहिली गोष्ट म्हणजे पकड. गाडी रस्त्याला चिकटून असते ती चार टायरांच्या खालच्या चार छोट्या ठिपक्यांवर, प्रत्येक ठिपका साधारण तळहाताएवढा, बाकी सगळं इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग जे काही करतं ते या चार तळहातांमधूनच रस्त्यापर्यंत पोचतं. ही पकड किती हे एका आकड्यात सांगतात, त्याला घर्षणांक म्हणतात, शाळा-कॉलेजच्या सायन्सला होता तोच. कोरड्या डांबरावर हा आकडा ०.७-०.८ च्या आसपास असतो, पावसात ओल्या रस्त्यावर ०.४-०.५, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२-०.३, आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर ०.१, कधी त्याहून कमी. म्हणजे कोरड्याच्या आठवा हिस्सा. याचा अर्थ काय ते हिशोब करून बघा. ताशी ५० ने चाललेली गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून १२-१३ मीटरमध्ये थांबते. तीच गाडी, तोच वेग, काच बर्फावर जवळपास १०० मीटर घेते. बरं, ३० ने हळू चाललात तरी ३५ मीटर लागतात. आणि ८० ने असाल तर पाव किलोमीटर. यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही, तो एक सेकंद धरला तर ५० च्या वेगाला आणखी १४ मीटर.

वळणाचंही तसंच. ज्या वळणावर कोरड्यात ७० ने गेलं तरी गाडी रस्त्यावर राहते तिथे बर्फावर २५ च्या पुढे गेलात की गाडी वळणाबाहेर. पोरं म्हणतात की मी तर हळूच चालवत होतो, आणि ते खरंच बोलतात, ४० म्हणजे आपल्या डोक्यात हळूच असतं.

आता सगळ्यांना वाटतं की स्पोर्ट्स कारचा धोका म्हणजे तिची पॉवर. मला हे पूर्ण पटत नाही. समजा गाडी एक टनाची आहे, निम्मं वजन मागच्या चाकांवर आहे, आणि तुम्ही ३० ने चालला आहात. ०.१ च्या बर्फावर मागची चाकं जमिनीत जास्तीत जास्त जी ताकद उतरवू शकतात ती भरते साडेपाच हॉर्सपॉवर. साडेपाच! म्हणजे स्कूटरच्या इंजिनाएवढीही नाही. मग गाडीत १०० हॉर्सपॉवर असो की ३००, बर्फाला त्याचं काही देणंघेणं नाही, वरची सगळी पॉवर चाक जागच्या जागी फिरवण्यात जाते. फरक एवढाच की जास्त पॉवरच्या गाडीत ती हद्द पायाच्या बोटाच्या जराशा हालचालीने ओलांडली जाते. पण सरळ रस्त्यावर निघताना जागच्या जागी चाक फिरणं हा त्रास आहे, अपघात नाही; वळणात मात्र त्यानेही मागचा भाग सुटतो. आणि अपघात फक्त रेस दिल्यावरच होतो असं नाही, रेस सोडल्यावरही होतो, हेच लोकांना पटत नाही.

कारण असं आहे. टायरकडे पकड एकच असते आणि ती तीन कामांत वाटली जाते : पुढे ओढायला, थांबवायला आणि बाजूला धरून ठेवायला. एका कामात सगळी खर्च झाली की दुसऱ्यासाठी काही उरत नाही. ब्रेक दाबून चाक लॉक झालं तर सगळी पकड घासण्यात गेली, मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाणार. आणि मागच्या चाकांची पकड संपली तर त्यांना बाजूला धरून ठेवणारं काही उरत नाही, मग गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो.

आपल्याकडे कापसाची भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर उतारावरून येतो, ड्रायव्हरने घाबरून ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर हळू होतो पण ट्रॉलीला ते माहीतच नसतं, ती मागून ढकलत येते आणि ट्रॅक्टरला आडवा करून टाकते, हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सगळं एका झटक्यात समजेल. गाडी एकसंध असली तरी मागच्या चाकांची पकड सुटली की मागचा भाग ट्रॉलीसारखाच वागतो, त्याला पुढच्या भागाच्या पुढे जायचं असतं.

आता मागची चाकं इंजिनला जोडलेली असतील, तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आहात आणि वळणावर घाबरून रेस एकदम सोडली, तर इंजिन ब्रेकिंगचा, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन चाकांना अडवतं त्याचा, सगळा जोर फक्त मागच्या दोन चाकांवर येतो. कोरड्या रस्त्यावर एवढ्याने काही होत नाही. बर्फावर मात्र मागच्या टायरांची पकड इतकी कमी असते की तो जोरही तिला पुरून उरतो, चाकं गाडीच्या वेगापेक्षा हळू फिरायला लागतात, म्हणजे घासायला लागतात, आणि मागचा भाग बाहेर. ब्रेकला पायही लावलेला नसतो! खालचा गिअर टाकून क्लच फटकन सोडला तर हेच होतं, आणखी जोरात. हँडब्रेक ओढला तर विचारूच नका.

त्यात गंमत म्हणजे पायाचा ब्रेक जोरात दाबला तर उलटं होतं. गाड्यांचे ब्रेक पुढच्या चाकांवर जास्त जोर देतील असे बसवलेले असतात, कारण कोरड्यात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. बर्फावर गाडी तेवढी हळूच होत नाही, वजन पुढे येतच नाही, मग पुढची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी नाकासमोर सरळ खड्ड्यात जाते. म्हणजे जुन्या गाडीत ब्रेक दाबला तर सरळ बाहेर, रेस सोडली तर फिरून बाहेर. माणूस घाबरला की हेच दोन करतो. कोणीही करेल.

रियर व्हील ड्राइव्ह हा प्रकार आपल्याला नवा नाही. फियाट म्हणजे पद्मिनी, ॲम्बेसेडर, कॉन्टेसा, जीप, ओम्नी, सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. १९८३ ला मारुती ८०० आली तेव्हा पुढच्या चाकांवर चालणारी गाडी बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिली. आताच्या बहुतेक घरगुती गाड्या पुढच्याच चाकांवर चालतात, त्यामुळे नव्या पोरांचा पाय त्यांनाच सवयीचा झालाय. पुढच्या चाकांची गाडी घसरली तर बहुतेक वेळा नाक बाहेर जातं आणि रेस सोडली की पुष्कळदा परत येतं. ही सवय घेऊन माणूस जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बसतो आणि तिथे तीच सवय त्याला फिरवते.

यातलं सगळ्यात नामी उदाहरण म्हणजे पोर्शची ९११. १९६३ ला लोकांना दाखवली, इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं, म्हणजे वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग मागच्या चाकांवर. सुरुवातीच्या गाड्या वळणावर मागून इतक्या बाहेर निघायच्या की कंपनीने काही काळ पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत ११-११ किलोची लोखंडी वजनं बसवून दिली. जगातल्या नावाजलेल्या कंपनीने हा उपाय केला राव, आपल्याकडचा मिस्त्री सांगेल तसा. पुढे १९६९ च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली तेव्हा जरा शांत झाली. मग १९७५ ला ९११ टर्बो आली, ९३० म्हणतात तिला, २६० हॉर्सपॉवर, आणि टर्बो असा की रेस दिल्यावर आधी काहीच नाही आणि मग एकदम सगळं. ओल्या वळणावर ते एकदम सगळं मागच्या चाकांत आलं की काय होणार? लोकांनी तिला विडो मेकर नाव ठेवलं.

पण इथे दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे नाहीतर अर्धवट होईल. ह्याच ९११ ने मॉन्टे कार्लो रॅली १९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकली. जानेवारीतली रॅली, आल्प्सचे घाट, बर्फ. पहिल्यांदा विक एल्फर्ड, नंतर दोनदा ब्यॉर्न वाल्डेगोर. जे वजन मागे असल्यामुळे गाडी फिरते तेच वजन चाकं दाबून धरतं, त्यामुळे बर्फावर चढायला ९११ ही, पुढे इंजिन आणि मागे ओढ असलेल्या गाडीपेक्षा भारी. निघताना पळते, चढते, म्हणून माणसाला वाटतं वा, पकड मस्त आहे. आणि मग पहिलं वळण येतं. शिवाय त्या रॅलीवाल्यांकडे खिळ्यांचे टायर होते, आणि अशा रॅलीत ड्रायव्हरच्या आधी एक वेगळी टीम त्याच रस्त्यावरून जाऊन कुठल्या वळणावर बर्फ आहे ते लिहून आणते. म्हणजे जगातले नंबर एकचे ड्रायव्हरसुद्धा बर्फ आधी माहीत करून घेतात, गाडी घसरल्यावर बघू असं म्हणत नाहीत.

इंजिन मधोमध असलेल्या गाड्या, टोयोटाची एमआर२ वगैरे, त्यांची वेगळी तऱ्हा. सगळं वजन मध्यभागी गोळा झालेलं असल्यामुळे वळायला चपळ, पण फिरायला लागली की तेवढ्याच चपळाईने फिरते, सावरायला वेळच देत नाही. आणि ज्या गाड्यांत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक मोकळं फिरू न देता ताकद दोन्ही चाकांना वाटणारी यंत्रणा असते त्यांत एक मागचं चाक सुटण्याऐवजी दोन्ही एकदम सुटतात, सरळ रस्त्यावर बर्फातून निघायला ते चांगलं, वळणावर वाईट. कार्बोरेटरवाल्या फार जुन्या गाड्यांत तर चोक ओढलेला असताना इंजिन स्वतःच जास्त फिरत असतं, तुमचा पाय रेसवर नसतानाही गाडी मागून ढकलत राहते, हे तर कोणी सांगतच नाही.

मग प्रश्न असा की आजची साधी हॅचबॅक त्याच रस्त्यावरून बिनबोभाट कशी जाते? तिथे पकड काही वाढलेली नसते. मधे एक माणूस बसलेला असतो, फक्त तो कॉम्प्युटर आहे. एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं, चाक लॉक व्हायला लागलं की ब्रेक क्षणभर सोडायचा, परत धरायचा, सेकंदात कितीतरी वेळा. बर्फावर त्याने गाडी फार लवकर थांबते असं नाही, भुसभुशीत बर्फात तर कधी कधी जास्तच अंतर लागतं कारण लॉक झालेलं चाक पुढे बर्फाचा ढीग गोळा करतं आणि त्याला अडतं, एबीएसमध्ये तो ढीग होत नाही. पण स्टिअरिंग हातात राहतं आणि तेच महत्त्वाचं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ईएसपी, काही ठिकाणी ईएससी म्हणतात. १९९५ ला मर्सिडीजच्याच महागड्या कूपेत, म्हणजे दोन दरवाजांच्या गाडीत आलं. तुम्ही स्टिअरिंग कुठे फिरवलंय आणि गाडी खरंच कुठे फिरतेय हे दोन सेन्सर ताडून बघतात, जुळलं नाही की कॉम्प्युटर चारपैकी एकाच चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनची पॉवर कापतो. एका चाकाला! माणसाकडे ब्रेकचं एकच पेडल आहे, त्याला हे कधीच जमणार नाही, कितीही मोठा ड्रायव्हर असला तरी. १९९७ ला स्वीडनमध्ये एका मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए क्लास समोर हरीण आल्यासारखं एकदम वळवताना उलटली, केवढा गाजावाजा झाला, आणि कंपनीला त्या छोट्या गाडीत पण ईएसपी द्यावं लागलं. तिथून ते सगळीकडे पसरलं. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेचा हिशोब सांगतो की दुसऱ्या कुठल्या गाडीशी संबंध नसलेल्या, एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघाताचा धोका याने जवळपास निम्मा होतो. आणि ते रेस सोडल्यावर मागची चाकं घासायला लागतात म्हटलं ना, नव्या गाड्यांत त्याचाही बंदोबस्त आहे, कॉम्प्युटर स्वतःच किंचित रेस देऊन चाकं फिरती ठेवतो. ड्रायव्हरला कळतही नाही.

म्हणजे भाच्याची १९९४ ची गाडी वाईट नाहीये. उलट वजन पुढे-मागे जवळपास सारखं, स्टिअरिंग बोलकं, शिकायला याहून चांगली गाडी नाही असं माझं मत. पण तिच्यात ईएसपी नाही, एबीएस असेलच असं नाही. चूक झाली की ती चूक तशीच रस्त्यावर उतरते.

टायरचं सांगितलं तर लोकांना कंटाळा येतो, पण खरं तर निम्मा प्रश्न तिथेच आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं. धुळ्यात कडाक्याच्या थंडीत पारा तेवढा खाली येतो, पण आपला रस्ता कोरडा असतो म्हणून फरक कळत नाही. स्पोर्ट्स कारला जे चिकट भारी टायर लावतात ते तर आणखी बिघडतात, काही कंपन्या स्पष्ट लिहितात की उणे सातच्या आसपास आणि त्याखाली ही टायरं वापरूच नका, रबराला तडे जाऊ शकतात. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, वर बारीक बारीक चिरा असतात, आणि बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तर असलेच टायर हवेत, नाहीतर दंड. कॅनडात क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती.

आणि जुन्या शौकाच्या गाडीची एक खास गोची असते. वर्षाला थोडीशीच चाललेली, त्यामुळे टायरची नक्षी एकदम नवी दिसते, विकणारा पण अभिमानाने दाखवतो, आणि रबर बारा वर्षांचं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा २३१२ लिहिलंय तर २०१२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेलं. असलं रबर कोरड्यातही लाकडासारखं, बर्फावर तर विषयच संपला. तसंच शॉकअब, बुश, सगळं रबर त्याच वयाचं. गाडी चमकते, खालचं कोणी बघत नाही.

बरं, कुठला बर्फ जास्त घातक? पांढरा दिसतो तो? नाही. जो दिसत नाही तो. ब्लॅक आइस म्हणतात तो काळा नसतोच, पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं आणि रस्ता फक्त ओला वाटतो. पुलांवर आधी होतो कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते, खाली जमिनीची ऊब नसते. जंगलातल्या सावलीच्या वळणावर होतो, जिथे दुपारीही ऊन पोचत नाही. ओळखायचा कसा? पुढच्या गाडीच्या चाकांतून पाण्याचे तुषार उडत होते ते अचानक बंद झाले, टायरचा आवाज एकदम शांत झाला, स्टिअरिंग हलकं लागलं, तर समजायचं बर्फ आला. जुन्या गाडीत बाहेरचं तापमान दाखवणारा डिस्प्ले पण नसतो. नव्या गाडीत तीन-चार डिग्रीलाच हिमकणाचं चिन्ह पेटतं.

भाचा म्हणाला, "मामा, उणे पंधरा असेल त्या दिवशी नाही काढणार, शून्याच्या आसपास असेल तर काढेन." इथेच तर फसतात लोकं. शून्याजवळचा बर्फ उणे पंधराच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. खूप थंडीत तो थर कमी होतो आणि बर्फ खरबरीत लागतो, पकड बऱ्यापैकी मिळते. रस्त्यावर मीठ टाकतात ना, साधं मीठ उणे नऊपर्यंत बऱ्यापैकी काम करतं, पण शून्याच्या वरखाली खेळणाऱ्या रात्री बर्फ वितळतो, ते पाणी मीठ धुऊन नेतं आणि पहाटे परत गोठतं. त्यामुळे पहाटेचे दोन-तीन तास सगळ्यात वाईट.

अपघात झालाच तर जुन्या गाडीचं काय होतं हे थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला मला फार आवडत नाही. बर्फावर मागचा भाग सुटला की समोरासमोर आदळण्यापेक्षा गाडी आडवी होऊन सरकते, आणि आडवी सरकत झाडावर किंवा खांबावर दरवाजाच्या बाजूने आदळते. तिथे माणूस आणि झाड यांच्यात फक्त पातळ दरवाजा असतो, साइड एअरबॅग नाहीत, गाडी बुटकी असल्यामुळे समोरच्या एसयूव्हीचा बंपर थेट डोक्याच्या उंचीला. आणि वीस हिवाळे मिठात चाललेली असेल तर खालचा पत्रा, ब्रेकचे पाइप गंजलेले, वरून कितीही पॉलिश मारा.

घसरलीच तर काय करायचं, हे सगळे विचारतात. क्लच दाबायचा, म्हणजे इंजिन चाकांपासून सुटतं आणि मागची चाकं मोकळी फिरायला लागतात. ब्रेकवरचा पाय काढायचा. नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची, झाडाकडे नाही, कारण हात नजरेच्या मागे जातात. मागचा भाग उजवीकडे निघाला तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि मग सगळ्यात अवघड भाग, गाडी सरळ व्हायला लागली की स्टिअरिंग लगेच परत सरळ. इथे उशीर झाला आणि तेवढ्यात चाकं बर्फातून कोरड्या पट्ट्यावर आली तर एकदम पकड मिळते आणि गाडी उलट्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात फिरते. बरेच जण पहिल्या घसरणीतून वाचतात आणि दुसऱ्या झटक्यात जातात. हे वाचून येत नाही, हातात बसावं लागतं. जर्मनीत एडीएसी ही मोटारवाल्यांची संस्था पाणी सोडलेल्या निसरड्या ट्रॅकवर याचे कोर्स घेते, पार्टीच्या पैशात एक कोर्स होतो, करून टाकावा. डिकीत वाळूची पोती टाकण्याचा सल्ला मिळेल, पुढे इंजिन असलेल्या रिकाम्या पिकअपला तो बरोबर आहे, दोन सीटच्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये मी तरी टाकणार नाही, ट्रॉली आणखी जड करण्यासारखं होतं ते.

बाकी सगळं घसरण्याच्या आधीचं. दुसऱ्या गिअरवर हळूच निघायचं, ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच संपवायचा, वळणात रेस ना वाढवायची ना सोडायची, तशीच धरून ठेवायची, पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर, आणि मागे कोणी नसताना सरळ रस्त्यावर एकदा हळूच ब्रेक लावून बघायचा की आज पकड किती आहे. तुले समजनं का भो?

जाता जाता आपल्या इकडच्यांसाठी. डिसेंबरात जळगाव-धुळ्याहून मनालीला स्वतःची गाडी घेऊन जाणारे आता खूप झालेत, अटल टनेल २०२० ला सुरू झाल्यापासून तर लाहौलमध्ये भर हिवाळ्यात जाता येतं. तिथे थारवाल्यांना वाटतं फोर बाय फोर आहे, आपल्याला काय होतंय. फोर बाय फोर निघायला आणि चढायला मदत करतं. थांबायला नाही. ब्रेक तर ८०० ला पण चारही चाकांना असतात. सोलंगच्या उतारावर दुपारी वितळलेलं पाणी ऊन गेलं की गोठतं आणि सगळी गर्दी नेमकी त्याच वेळेला खाली उतरत असते. चाकांना चेन लावा, किंवा ऊन असेपर्यंत खाली या.

भाच्याने गाडी घेतलीच. पण जर्मनीत हंगामी नंबर प्लेट मिळते, तिच्या कडेला वर ०४ आणि खाली १० असे आकडे असतात, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने गाडी रस्त्यावर, टॅक्स-इन्शुरन्सही तेवढ्याच महिन्यांचा, बाकीच्या महिन्यांत रस्त्याच्या कडेला उभीसुद्धा करता येत नाही. ती घेतली त्याने. मी म्हटलं एप्रिलच्या पहाटेही तिकडे शून्याखाली जातं, प्लेटवर महिना लिहिलाय म्हणून रस्त्याला माहीत नसतं, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ऊन चढल्यावरच काढत जा. आता विचारतोय की पाच महिने गाडी ठेवायची कशी. टाकी फुल कर म्हणजे आतून गंज धरणार नाही, टायरमध्ये हवा थोडी जास्त भर, बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेव, आणि हँडब्रेक ओढून ठेवू नको, चिकटून बसतो, गिअरमध्ये ठेव आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा लाव.